वेलांटीची उडी

शाळेत बाईंनी माझ्या ठकूची वही माझ्यापुढे उघडली आणि म्हणाल्या, "घाबरू नका हं." झालं, मी तिथेच घाबरले.

वहीत किटलीची 'कटिली' झाली होती, दिवसाचा 'दविस', गिरणीची 'गरिणी'.

"नदी, पाटी, वाटी सगळं बरोबर लिहिते," बाई म्हणाल्या. "ऱ्हस्व वेलांटी आली की गाडी अडते. तीनदा समजावलं. अक्षरं उलटसुलट दिसत असतील तर लवकर कळलेलं बरं. एकदा तज्ज्ञांना दाखवा."

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुझा नवरा दुसरीत जाईपर्यंत बूट उलटे घालायचा. अडलं का काही त्याचं?"

"अजून मोजे दोन रंगांचे घालतात, आई."

"मग पोरगी बापावर गेली. तज्ज्ञ कशाला हवाय?"

मी हसले खरी, पण शुक्रवारची वेळ घेतली. मोबाइलवर लक्षणांची यादी वाचली आणि एकेक लक्षण ठकूला लावून पाहिलं. निम्मी मलाच लागू पडत होती. ती पेला कोणत्या हाताने उचलते, जिना कोणत्या पायाने चढते, माझी नजर काही तिच्यावरून हलेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी माझ्या कामावर आली. मी एका छपाईच्या दुकानात मजकूर टाइप करते. ठकू माझ्या शेजारच्या स्टुलावर गुडघे टेकून पडद्याकडे टक लावून बसते. कुलूपवाल्याची पाटी आली होती, 'किल्ल्या बनवून मिळतील'. मी 'क' दाबला.

"आता मारणार उडी," ठकू पुटपुटली.

मी वेलांटी दाबली, ती पडद्यावर 'क'च्या डावीकडे जाऊन बसली.

"मारली!"

"कोणी गं?"

"वेलांटीने. तू तिला मागून देतेस, ती टुणकन पुढे जाते." मग तिचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या वहीत जातच नाही. मी थांबते, तरी नाही जात. माझी पेन्सिल वाईट आहे."

मी कळफलकावरचे हात उचलले आणि तिला मांडीवर ओढलं. मला हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही आलं. शेजारच्या टेबलावरून मालक म्हणाले, "काय झालं? चुकलं का काही?"

"चुकलं ना, माझंच!"

मग मी कोरा कागद घेतला. कागदावर कोणी उड्या मारत नाही, तिथे वेलांटीला आधीच पुढे उभं करायचं, असं समजावलं. ठकूने विचार केला.

"पण 'क' तर आलाच नाही अजून. कोण येणार ते तिला कसं कळतं?"

"तू सांगायचंस तिला," मी म्हटलं. तिने वेलांटीच्या कानात सांगितल्यासारखं कागदाजवळ तोंड नेलं, काहीतरी पुटपुटली आणि सरळ 'किटली' लिहिली.

सकाळी बाईंना सगळं सांगितलं, सासूबाईंच्या 'बापावर गेली'सकट. त्या कपाळावर हात मारून हसल्या, मग माझ्यासमोरच तिला दहा शब्द घातले. दहाही बरोबर आले. फक्त 'घर', 'मका', 'ताट' या शब्दांच्या आधीही बोटभर जागा मोकळी होती.

"इथे का गं जागा सोडलीस? इथे कुठे वेलांटी आहे?"

"असू दे बाई. ऐनवेळी आलीच तर?"

बाईंनी हळूच माझ्याकडे पाहिलं. "अहो, ही बापावर नाही गेलेली."

चोरी पकडली गेल्यासारखी मी हसले आणि बाहेर येऊन शुक्रवारची वेळ रद्द केली.