सातवी मादी

फळसंशोधन केंद्रातल्या पतंगांच्या खोलीत ती अकरा वर्षं काम करत होती. शेजारीपाजारी तिला 'अळीबाई' म्हणत आणि तीही हसून ओ देई. पण त्या सकाळी बरणीतल्या माद्या मोजल्या आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. सात हव्या होत्या, दिसत होत्या सहा.

या पतंगाच्या अळ्या डाळिंब आतून पोखरतात. त्या भागात ही जात अजून आली नव्हती, अभ्यासापुरती बाहेरून आणली होती. तिनं खोलीचा कानाकोपरा धुंडाळला. मग एकदम आठवलं. काल लेकीला ताप चढल्याचा फोन आला, तेव्हा ती अंगावरच्या एप्रनसकट घरी धावली होती. एप्रन ओसरीवर टांगला होता, आणि ओसरीला लागूनच सासऱ्यांची डाळिंबं. साठ झाडं, एकेक पोरासारखं वाढवलेलं.

गप्प बसता आलं असतं. तासभर ती बसलीही. शेवटी ती केंद्रप्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, माझ्या हातून फार मोठी चूक झालीय."

दुपारी दोघी घरी पोचल्या. एप्रनच्या खिशात पतंगाच्या पंखांची करडी भुकटी सापडली. पतंग नाही.

"लिंबाएवढी फळं धरलीत," सासरे म्हणाले, "आणि सगळी उतरवायची?"

"सगळी, काका. एकही ठेवून चालणार नाही," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. "ती मादी बागेतच गेली, हे नक्की?"

"नक्की नाही, बाबा. पण गेली असेल तर?"

ते आत गेले आणि कात्री घेऊन आले.

तीन दिवस फळं उतरत होती. पिशव्यांची तोंडं घट्ट बांधून ती केंद्रात नेली. सासरे तिच्याशी कामापुरतंच बोलत. रोज ती एकेक फळ भिंगाखाली धरायची. अळी निघाली तर धडगत नाही, आणि न निघाली तर म्हाताऱ्याची बाग फुकट बोडकी केली. अळी निघावी असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटे.

आठव्या दिवशी एका फळावर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. कापलं, तर आत त्याच जातीची अळी वळवळत होती.

तिनं घरी फोन लावला. "बाबा, सापडली."

"किती?"

"अजून तरी एकच. बाकीची फळं बघतोय."

"मग आज जरा लवकर ये," सासरे म्हणाले. "पानांच्या मागं अंडी राहिलीत का, ते मला या चष्म्यातनं नीट दिसत नाहीये."