दाबून ठेवलेलं बटण

डोळे उघडेच ठेव, पण एवढं मनात आण. डिसेंबरची सकाळ आहे. तुझ्या चारही बाजूंना धुकं आहे, इतकं दाट की हात लांब केलास तर आपलीच बोटं दुसऱ्या कोणाची वाटावीत. तुझ्या कानाशी वॉकीटॉकी आहे. तिच्यातून कोणीतरी तुला बोलावतंय आणि आवाज ओळखीचा आहे. तू जाशील?

खुशबू गेली. ती सात वर्षांची होती.

तिचे बाबा नरेश चरोद्याच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. त्यांचं एक काम समजून घे, मग पुढचं सोपं जाईल. शंटिंग करताना इंजिन मागून डबे ढकलतं तेव्हा ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. म्हणून पुढे चाललेला माणूस वॉकीटॉकीच्या सेटवर सारखं बोलत राहतो, 'ये, ये, सरळ ये.' आवाज येतोय तोवर ड्रायव्हर गाडी चालवतो. आवाज तुटला की ब्रेक. 'थांब' म्हणायचीही गरज नाही, कारण सेटच बंद पडला तर ते ऐकू कसं येणार?

नरेशच्या दोन्ही मुली हाच खेळ खेळायच्या. डोळ्यांवर ओढणी बांधून खुशबू इंजिन व्हायची आणि अकरा वर्षांची उन्नती तिला बोलत न्यायची. शेजारची पोरं चोर-पोलीस खेळत, या दोघी शंटिंग करत.

त्या वर्षी हे कुटुंब बालोदकडे एका मोठ्या तलावाच्या काठावर तंबू घेऊन गेलं. नरेशनं खास दोन नवे सेट विकत आणले होते.

"यार्डातले त नाही उचलून आणले?" मुलींच्या आईनं, भाग्यश्रीनं विचारलं.

"ते आणले त नोकरी जाईन माही. त्याचं लायसन रेल्वेचं. हे कमी ताकदीचे, सरकारी मंजुरीवाले, याले लायसन लागत नाही. पण मंग ही लाइन आपल्या एकट्याची बी नाही. कोणीबी बोलू शकते."

"म्हणजे माह्या भांडणाची मजा साऱ्या जिल्ह्याले!"

"बाबा, डब्ब्यावर पाच किलोमीटर लिहून आहे," उन्नती म्हणाली.

"डब्बेवाला मोकळ्या मैदानात उभा असन, बाई. इथं झाडं हायेत, मधात मातीचा बांध हाय. बांधाच्या पलीकडं गेली का आवाज फाटला समज."

सकाळी उठल्यावर धुक्यातच मुलींचा खेळ सुरू झाला. खुशबूनं डोळ्यांवर ओढणी बांधली आणि सेट ओढणीच्या आत कानाशी खोचला. उन्नती तंबूजवळून बोलत होती. तेवढ्यात आईनं चहाचं पातेलं धरायला हाक मारली. उन्नतीनं सेट खाली ठेवला. आपला आवाज थांबला म्हणजे इंजिनही थांबलं, असं तिनं धरलं.

पातेलं उतरलं. तिनं मागे पाहिलं. नुसतं धुकं. तिनं सेट उचलला.

"खुशबू, कुठं हायस तू?"

"येऊनच त राहिली, ताई. पण पाय गार होऊन राहिले माहे. खाली पाणी हाय."

उन्नतीनं पुन्हा बटण दाबलं. "मंग चालून कावून राहिली तू?"

"तूच बोलावून राहिली ना! कव्हाची बोलावून राहिली."

खुशबूनं बटण सोडलं. आणि मग उन्नतीच्या हातातला सेट बोलला.

"ये. ये. सरळ ये."

आवाज लांबून येत होता, खरखरत होता, आणि तो तिचा स्वतःचा होता.

नरेश पाण्याकडे धावले, पण धुक्यात कुठल्या बाजूला जावं तेच कळेना. ते जीव खाऊन हाका मारत होते. खुशबूचे कान ओढणीनं आणि त्या आवाजानं भरलेले होते. उन्नतीही सेटवर ओरडायला लागली, "थांब! खुशबू, थांब! थांब!"

"कमरेलोक आलं, ताई," खुशबूचा आवाज फाटत फाटत आला. "तुहं काही समजून नाही राहिलं. पण बोलत राहा, मी चालून राहिली."

तेव्हा उन्नतीला कळलं. शब्द तुटून पोचत होते, आवाज मात्र पोचत होता. आणि आवाज म्हणजे चाल. ती स्वतःच बहिणीला पाण्यात ढकलत होती.

पण आपण गप्प बसलो, तर ती दुसरी बोलतच राहणार.

इथं एक गोष्ट समजून घे. अशा सेटवर दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, तर ज्याचा सेट जवळ आणि मोकळ्यावर असेल तो जिंकतो, दुसरा दबून जातो. बटण दाबून तोंडानं काहीच बोललं नाही, तरी लाइन अडतेच. ऐकणाऱ्याला मिळते फक्त शांतता.

उन्नती बांधावर चढली. पाण्याकडे तोंड करून तिनं बटण दाबलं आणि ओठ मिटले. श्वाससुद्धा सेटपासून दूर वळवून घेतला. दाबलेल्या बटणाला ऐकू येत नसतं. खुशबू थांबली का, रडते का, काहीच कळायला मार्ग नव्हता. खाली नुसतं पांढरं होतं.

मग धुक्यातून नरेशचा आवाज आला, सेटमधून नाही, खराखुरा. "सापडली! सापडली वो!"

छातीभर पाण्यात खुशबू उभी होती, डोळे बांधलेले, आवाजाची वाट पाहत. बाबांच्या खांद्यावरून येताना ती कुरकुरत होती, "ताईनं एकदम बंद कावून केलं? आत्ताच त म्हणे, थोडंच राहिलं."

"तलावाच्या त्या अंगाले कोणाची तरी पोरगी खेळत असन," भाग्यश्री तिला पुसत म्हणाली. तिचा स्वतःचा विश्वास बसला नव्हता. नरेशनं खुशबूचा ओला सेट बंद करून खिशात टाकला आणि उन्नतीपुढे हात केला.

"झालं ना बाई आता. सोड बटण."

उन्नतीनं मान हलवली. त्या तलावावर अजून कोणाकोणाची पोरं असतील, हे तिला माहीत नव्हतं. तंबू गुंडाळला, सामान गाडीत भरलं, तरी ती बांधावर तशीच उभी राहिली. उजवा अंगठा दुखायला लागला, तेव्हा तिनं त्याच्या शेजारी डावा ठेवला आणि मगच उजवा काढला.