रसूल मिस्त्रींचं लाल अंगण

मुलांनो, आज मनाने माझ्याबरोबर नांदुऱ्याला चला. आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाचं नांदुरा. वैशाखातली दुपार आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. धुळीच्या त्या गावात एका दारापुढे लाल सिमेंटचं गुळगुळीत अंगण आहे आणि त्यावर पिंपळपानांची नक्षी उमटली आहे. दिसलं? आता उंबऱ्यावर बसलेली दहा वर्षांची मुलगी पाहा. ती स्नेहलता.

तिचे वडील रमाकांत डॉक्टर. दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत. रोग्यांच्या पायांबरोबर काळी माती आत येई, आणि पावसाळ्यात तर नुसता चिखल. म्हणून डॉक्टरांनी गुलाम रसूल मिस्त्रींना बोलावलं. गावातले बाकीचे गवंडी चुन्यात काम करत. सिमेंटवर कोणाचा भरवसा नव्हता. मिस्त्री मात्र ते कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या बांधकामावर शिकून आले होते. खाली जाड थर, वर लाल रंगाचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच, कापडावर छापे मारतात तसा लाकडी ठसा दाबत ते मागे मागे सरकत गेले. पुढे तीन आठवडे ओल्या गोणपाटाखाली अंगण झाकून ठेवलं. स्नेहलता शाळेतून आली की तिथेच.

तिच्या आईला, पुष्पाबाईंना, बिनसारवलेलं अंगण बघवेना. त्या एक दिवस शेणाची बादली घेऊन आल्याच. मिस्त्रींनी हात जोडले. यावर सारवलं तर माझी पानं कोण पाहणार, असं विचारून म्हणाले, की वर्षातून एकदा जवसाचं तेल द्या, याला दुसरं काही लागत नाही. पुष्पाबाई बादली घेऊन परत गेल्या. पण अंगणाचे लाड पोटच्या पोरापेक्षा जास्त आहेत, हे जाता जाता ऐकवून गेल्या.

काळजी पहिल्या उन्हाळ्याची होती. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रीपर्यंत धगधगे, आणि घरची माणसं तर बाहेरच झोपायची. म्हणजे संध्याकाळी पाणी मारावं लागणारच. ते काम मिस्त्रींनी स्नेहलताकडे दिलं. तिचा तळहात अंगणावर टेकवला.

"दहा मोज. चटका बसला तं पाणी नाई टाकायचं. दहा होईस्तोवर हात सुखानं राह्यला, तवाच टाकजो."

"काऊन, चाचा?"

"तापल्या तव्यावर पाणी टाकलं तं चर्र करते नं? तवा लोखंडाचा, त्याले काई होत नाई. हे फुटते."

त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती हात टेकवून मोजू लागली. घरातलं कोणी मध्ये बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करी.

एका रविवारी मुलींच्या शाळेची मंडळी पाच वाजता अंगण पाहायला येणार होती. हेडमास्तर वैजनाथ गुरुजींच्या मनात होतं, की शाळेपुढेही असंच करावं. मिस्त्रींनी सकाळीच येऊन अंगण झाडलं आणि धुतलेला सदरा घालून येतो म्हणून गेले. हे काम मिळालं तर गावाचा आपल्या कामावर विश्वास बसेल, असं ते डॉक्टरांना म्हणाले होते. स्नेहलताने ते ऐकलं होतं.

पण दुपारी वावटळ आली. लाल रंग पार मळकट झाला. अंगण ओलं असलं की डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसतं, हे स्नेहलताला ठाऊक होतं. चाचांचं काम मंडळींना तसं दिसावं, एवढंच तिच्या मनात होतं. चार वाजता तिने हात टेकवला आणि तीन म्हणायच्या आत उचलला. तरीही तिने पाच बादल्या ओतल्या. वाफ निघाली. कुठेतरी बारीक टिक्‌टिक् झालं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

मंडळी आली, धुतलेला सदरा घालून मिस्त्रीही आले. वा, वा, झालं. चहा आला. कपबशा हातात असतानाच पाणी सुकू लागलं, आणि सुकत्या लालावर काळपट ओल्या रेघा तेवढ्या मागे राहिल्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, पानापानांतून गेलेल्या. वैजनाथ गुरुजींनी वाकून बोट फिरवलं आणि ते धोतराला पुसलं.

मिस्त्री गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला. मग त्यांनी मान वर करून स्नेहलताकडे पाहिलं.

"बेटी, पाणी हात ठेवूनच टाकत होती नं?"

"हो."

त्यांनी लगेच मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, रेतीत माती असेल. मिस्त्री म्हणाले, "नाई साहेब, रेती म्याच धुतली होती. माहा हात चुकला."

शाळेने दगडी फरशीचं ठरवलं. स्नेहलता मात्र रोज संध्याकाळी हात टेकवून दहा मोजत राहिली. आता मोजून काय उपयोग? भेगांच्या कडेने पानांचे टवके निघत होते आणि आई ते केरात भरत होती. उद्या सांगू, असं ती रोज ठरवी. सांगायचं वाक्यही तिने तयार ठेवलं होतं, पण ते दिवसेंदिवस जड होत गेलं.

पंधरा दिवसांनी ती एकटीच मिस्त्रींच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी अजीजुन्निसा दारात तूर निवडत होत्या. मिस्त्री चुन्याच्या भट्टीवर दगड फोडायला जातात, असं त्यांच्याकडून कळलं. ठसा त्यांनी दुसऱ्या गवंड्याला देऊन टाकला होता.

"रोज मले इचारते, रेती जास्त झाली का, पाणी जास्त झालं का. तीस साल गवंडीकाम केलं, अन् आता भाकर मोडतानी सोताचेच हात पाह्यत बसते."

स्नेहलताने तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. अजीजुन्निसांचे हात सुपात थांबले. रागावतील तर बरं, असं स्नेहलताला वाटलं.

"मले सांगून काय होते, पोरी? म्या कवा त्याच्या हातावर शक घेतला नाई. ज्यायनं घेतला त्यायले सांग. त्याले तं मी सांगतोच, पण तुह्या तोंडून आयकू दे."

परतीच्या वाटेवर शाळा लागली. फरशीचे दगड येऊन पडले होते आणि अर्धी फरशी बसवूनही झाली होती. ती क्षणभर थांबली आणि पुढे निघाली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर वैजनाथ गुरुजीही घसा धरून बसले होते. रोगी असताना आत यायचं नाही, असा वडिलांचा नियम होता. सगळे जाईपर्यंत बाहेर थांबता आलं असतं. स्नेहलता थांबली नाही. ती आत जाऊन बाकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, गुरुजी, चाचांचा हात चुकला नव्हता. अंगणावर चार वाजता मी पाणी ओतलं होतं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."