मामाजींसाठी खास

माझी सून कामिनी चांगली मुलगी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल आणि ते मला चालणार नाही. ठेवायचीच असतील तर माझ्या पोराला ठेवा. उरली तर मला.

मी मनोहरराव, कुहीच्या जिल्हा परिषद शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. माझी बायको मीराबाई जाऊन सव्वा वर्ष झालं. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. मला घर काही करत नाही, मला जेवणाची वेळ खायला उठते. एकट्यासाठी कुकर लावायचा, एकट्यानं ताटावर बसायचं, भाजीत मीठ जास्त पडलं तर कुरकुर ऐकायलाही कोणी नाही. माझा एकुलता एक पोरगा संघपाल नागपुरात बेसाला फ्लॅट घेऊन राहतो, मिहानमधल्या कंपनीत नोकरी करतो. सहा महिने तो मागे लागला होता, की बाबा, आता इकडंच या. शेवटी म्हटलं, आठ दिवस राहून पाहतो. जमलं तर कुहीचं घर भाड्यानं देऊन कायमचा येतो. खरं सांगायचं तर घरून निघतानाच माझं नव्वद टक्के ठरलं होतं. चार माणसांत बसून जेवायला मिळावं, एवढंच मागणं होतं.

पाच दिवस छान गेले. कामिनी गरम पोळी वाढायची, मी पेपरमधल्या बातम्यांवर तोंडसुख घ्यायचो, ती हसायची. सहावा दिवस रविवार.

"मामाजी, रविवारी तुमच्यासाठी सरप्राइज आहे," ती शुक्रवारीच म्हणाली होती. "माझे आईबाबाही येऊन राहिले जेवायले."

मला वाटलं, पाटवडी-रस्सा असेल. मागे एकदा मी पाटवडीची तारीफ केली होती.

रविवारी नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात डोकावलो, तर ओट्यावर नवाकोरा एअर फ्रायर, आणि मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, स्टुलावर दुसरा, जुना.

"दोन दोन कशाले वं?" मी विचारलं.

"हा नवा आमचा," कामिनी म्हणाली. "तो जुना आता तुमच्यासाठीच. त्याच्यात दुसरं काही नाही करणार मी."

एवढं बोलून तिनं फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. त्यात बाकी काहीच नव्हतं. एका ताटलीत गुलाबी मांसाचा मोठा तुकडा होता, वर बोटभर पांढरी चरबी, त्यावर चामडी.

"पोर्क आहे, मामाजी. सदरच्या मार्केटमधून आणलं. चामडीसकट लवकर भेटत नाही, सांगून ठेवा लागलं. व्हिडिओत म्हणते, चामडी कोरडी पायजे, म्हणून दोन दिवस असंच उघडं ठेवलं. आई म्हणे, फ्रिज बाटवला तू आपला." आणि ती हसली.

मी हसलो नाही. मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि उभ्या जन्मात मी डुक्कर खाल्लेलं नाही.

हे समजून घ्या. छप्पन साली माझा बाप, एकवीस वर्षांचा पोरगा, कुहीहून पायी नागपूरला आला आणि बौद्ध होऊन परत गेला. घरी पोहोचल्याबरोबर त्यानं आईला सांगितलं, आजपासून मेलेलं जनावर ओढायचं नाही, आणि डुकरं पाळायची नाहीत, खायचीही नाहीत. आजी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. घरात दुसरं खायला होतं काय? पण त्यानं डुकरं हाकलली ती हाकललीच. पुढच्या वर्षी मी जन्मलो. आमच्यातली काही घरं खातात, आजही. खावं, मी कोणाच्या ताटात बोट घालत नाही. पण आमच्या घरी तो बापाचा शब्द होता. आणि गावाला तो शब्द कधी ऐकूच आला नाही. शाळेत नवा मास्तर आला की महिन्याभरात डोळा मारून विचारायचा, "काय गुरुजी, रविवारी तुमच्याकडं मेजवानी असंन?" पहिली दहा वर्षं मी समजावून सांगितलं. नंतर नुसतं "नाही खात" म्हणायचो. कोणाला ते पटलं असं मला कधी वाटलं नाही.

तेव्हा कामिनीला मी तिथंच सांगायला हवं होतं. पण तिनं नाकाला ओढणी बांधली होती, हातात रबरी मोजे होते, आणि त्या मांसाला मीठ-मिरं चोळताना तिला उमासे येत होते. तरी ती करत होती. तोंड फिरवायची, मोठा श्वास घ्यायची, पुन्हा चोळायची. मीराबाई गेल्यापासून माझ्यासाठी कोणी इतके कष्ट घेतले नव्हते. म्हटलं, संघपाल दही आणायला गेला आहे, तो आला की तोच सांगेल. बाप काय खातो हे पोराला ठाऊक नसेल?

तिनं सुरीनं चामडीवर रेघा ओढल्या, तुकडा सुतळीनं बांधला, चामडी वर करून जाळीत ठेवला. खालच्या भांड्यात वाटीभर पाणी घातलं, चरबी गळून धूर होऊ नये म्हणून. आधी दोनशेवर पंचवीस मिनिटं, मग एकशेसाठवर पाऊण तास, शेवटी पुन्हा दोनशे. धूर झालाच. समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी धाडकन लागली. संघपाल आला, बाल्कनीच्या दारात थबकला, माझ्याकडे पाहिलं, आणि दही ठेवायला आत निघून गेला. मी त्याच्या मागे गेलो, तर तो बाथरूममध्ये.

साडेबाराला कामिनीचे आईवडील आले. वडील मारोतराव कळमन्याच्या बाजारात धान्याचे अडते, आवाज मोठा. दारातूनच ओरडले, "जय भीम, गुरुजी!" इतर कोणाला ते जय भीम करताना मी पाहिलेलं नाही. आई जिजाबाई आत येताच पदर नाकाला लावून बसल्या आणि डोळ्यांनीच हसल्या.

टेबल मांडलं होतं. चौघांना एकसारखी निळ्या काठाची ताटं. वरण, भात, भरली वांगी, पोळ्या, नव्या यंत्रातलं चिकन. माझ्यापुढे वेगळं ताट, पांढरंशुभ्र, भारीतलं, त्यावरचा कागद नुकताच काढलेला.

"तुमचं खास आणलं, मामाजी," कामिनी म्हणाली. "आईबाबा ते खात नाहीत ना, म्हणून मग वेगळंच बरं."

कारण अगदी रास्त होतं. माझ्या बापाला गावच्या हॉटेलात वेगळा कप मिळायचा, त्यालाही मालकानं असंच काहीतरी रास्त कारण दिलं असेल.

तिनं तुकडा आणून ठेवला. चामडी पापडासारखी फुगून सोनेरी झाली होती. सुरी लावताच कडकड वाजली. कामिनीच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला पहिलीतल्या पोरांची आठवण झाली, पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहून पाटी दाखवायला आणणाऱ्या.

"घ्या गुरुजी, सुरू करा," मारोतराव म्हणाले. "अन् आमच्याकडं पाहून संकोच नका करू. मी तर बाजारात सगळ्यांले सांगतो. आमचे व्याही डुक्कर खातात, तरी पोरगी दिली मी. माणूस पाहावा, त्याचं ताट नाही पाहावं."

मी संघपालकडे पाहिलं. तो वांग्याचं देठ काढत होता.

"मारोतराव," मी म्हटलं, "मी डुक्कर खात नाही. कधीच खाल्लं नाही. माझ्या आठवणीत आमच्या घरी कोणीच नाही खाल्लं."

मला वाटलं, झालं, सुटलो. मग मारोतराव मोठ्यानं हसले.

"अहो गुरुजी! आता आपल्यातच लाजता काय? हे तुमचंच घर आहे."

"लाजून नाही राहिलो. खरं सांगून राहिलो."

"मामाजी," कामिनी हळूच म्हणाली, एखाद्या लहान पोराची समजूत काढतात तसं, "आमच्यापासून नका लपवू जी. आम्हाले काही वाटत नाही. खरंच."

जिजाबाई पदराआडून म्हणाल्या, "आम्ही जुने लोक असलो तरी तसे नाही हो."

आता तुम्हीच सांगा, याला उत्तर काय? कोणी शिवी दिली तर उलटून देता येते. चार माणसं प्रेमानं तुम्हाला खोटं पाडत असतील तर काय करायचं? खात नाही असं म्हणणारा लाजतो. पुन्हा म्हणणारा जास्तच लाजतो. आम्ही काय खातो हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आम्हाला विचारायची गरज कोणालाच पडत नाही. एकच माणूस होता तिथं, जो एका शब्दात हे थांबवू शकत होता.

"संघपाल," मी म्हटलं. "सांग यांले."

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे त्याच्या आईचे आहेत. त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाबा, खा ना थोडंसं. तीन दिवसापासून करून राहिली ते."

मी खाल्लं.

चव चांगली होती. तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल घशाखाली उतरलंच नसेल. चामडी दाताखाली कुरकुरली, मांस मऊ होतं, मीठमिरं बेताचं होतं. उतरलं. पहिला तुकडा, दुसरा, मग कामिनीनं आग्रह केला म्हणून तिसरा. आणि मला कळलं की आता हे वाक्य गेलं. "मी कधीच खाल्लं नाही." बापानं दिलेलं होतं, अडुसष्ट वर्षं जपलं होतं, एका दुपारच्या जेवणात संपलं. मला माझाच इतका राग आला की पुढचा घास हातातच राहिला. कामिनीला वाटलं, घास अडकला आहे. तिनं पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

"पाहा!" मारोतराव टेबलावर थाप मारून म्हणाले. "म्हणत नव्हतो मी? उगीच लाजून राहिले होते."

ते गेल्यावर संघपाल मागच्या बाल्कनीत आला. मी तिथं उभा होतो.

"तू काहून नाही घेतलं?" मी विचारलं.

"ॲसिडिटी आहे."

"खरं बोल गा."

तो कठड्याला टेकला. "मले त्याच्या वासानंच मळमळते, बाबा. मी कधी खाल्लं नाही."

"मग यांले कोणी सांगितलं?"

"मीच." तो म्हणाला, "लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा. हिच्या बाबांनी फिरवून फिरवून विचारलं, तुमच्याकडं 'ते' चालते काय म्हणून. माझं डोकं फिरलं. म्हटलं, चालते, बाबाले तर लय आवडते. म्हटलं, हे ऐकूनही पोरगी देतात का पाहू."

"मग?"

"देली ना त्यांनी." त्याचा आवाज बारीक झाला. "मग कसं सांगू का ते खोटं होतं? ते किती अभिमानानं सांगतात सगळ्यांले."

मला त्याला एक मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली. मला त्याला जवळही घ्यावंसं वाटलं, कारण त्या दिवशी त्यांच्या दिवाणखान्यात तो कसा बसला असेल ते मला दिसत होतं. दोन्हीपैकी काही केलं नाही. त्याचा राग खरा होता, पण रागाच्या भरात त्यानं पणाला लावलं ते मला. आणि मारोतरावांचा सगळा मोठेपणा आता माझ्या ताटावर उभा होता. मी खात नाही म्हटलं तर त्यांनी माफ काय केलं?

सोमवारी सकाळी संघपाल कामाला गेला. कामिनीचं त्या दिवशी घरूनच काम होतं. अकराच्या सुमारास तिनं फ्रिज उघडला.

"मामाजी, कालचं उरलं आहे. दुपारी देऊ गरम करून? दहा मिनटं टाकलं का चामडी पुन्हा कडक होते म्हणे."

"कामिनी, बस जरा," मी म्हटलं.

ती बसली. मी तिला सगळं सांगितलं. बापाचं, आजीचं, शाळेतल्या मास्तरांचं. संघपाल रागात काय बोलून बसला तेही. शेवटी म्हटलं, "काल जे खाल्लं ते जिंदगीत पहिल्यांदा खाल्लं."

या वेळी तिला पटलं. माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. तिचे डोळे भरून आले. चांगल्या माणसांचे भरतातच.

"मग मामाजी, तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं वं," मी म्हटलं. "तू समोरच बसली होती."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. बाल्कनीतल्या त्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बाबाले नका सांगू जी हे. त्यांले लय वाईट वाटंन."

"नाही सांगत," मी म्हटलं. उठलो, आणि पलंगाखालची बॅग ओढून कपडे भरायला लागलो. ती दारात येऊन उभी राहिली. आठ दिवस म्हणाले होते ना, असं म्हणाली. संघपालला फोन लावते म्हणाली. मी म्हटलं, त्याला कामात त्रास नको देऊ, दुपारची बस गाठतो मी.

"जेवून तरी जा ना, मामाजी," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "घरी जाऊन जेवतो."