बारा जागांची बस

आमच्या कामिसावात बघण्यासारखं दोनच, धबधबा आणि किल्ला. किल्ल्यात किल्ला सोडून सगळं आहे. तो लाकडी होता, कधीच जळाला, जोतं तेवढं उरलंय. धबधबा मात्र खरा. तिथून निघणारी बारा जागांची बस गावातून खाली शहरात जाते. शहरातल्या वृद्धाश्रमात आमचे हे असतात. मी रोज दहाच्या बसने जाऊन त्यांना जेवू घालते, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून ते तोंड उघडत नाहीत. गाडी चालवायचा परवाना मी परत करून टाकलाय. म्हाताऱ्यांनी तो परत करावा म्हणून नगरपालिकेनेच गोड गोड बोलून सांगितलं आणि बदल्यात जन्मभराचा बसपास दिला.

मग कळलं, गावकरी बस वापरतात का ते बघायला नगरपालिकेचे साहेब बुधवारी येणार, सोबत ओसाकाचे सात पाहुणे. धबधबा, किल्ला बघून ते दहाच्या बसने परत जाणार.

"झाडून सगळे चढा," आमचे गावप्रमुख कुवाबारा सभेत म्हणाले. "नाहीतर एप्रिलपासून बस बंद."

"अहो, पण आपण चौदा जण," शेजारची ताकेयो म्हणाली. "वरून आठ जण बसून येणार, उरणार चार जागा. लांबून आलेल्या माणसांच्या अंगावर आपण रेटून उभं राहणार? काय दिसेल ते!"



"मग ज्याने त्याने समजून घ्या," कुवाबारा म्हणाले. आमच्याकडे एवढं म्हटलं की सभा संपते.

बुधवारी मी डबा घेऊन थांब्यावर उभी राहिले. गावातला पहिला थांबा माझाच. बस आली. आत चार जागा रिकाम्या. पुढच्या थांब्यावरच्या ओगाताचे गुडघे गेलेत, ताकेयोला दवाखाना असतो. मनात म्हटलं, एक दिवस ह्यांना नर्सबाई भरवतील.

"चढताय ना, इसोनोबाई?" ड्रायव्हरने विचारलं.

"छे छे, मी आपली सहज उभी आहे." मी कमरेत वाकून नमस्कार केला. पाहुण्यांनी खुशीने हात हलवले.

संध्याकाळी कळलं, ताकेयोने ओगाताच्या गुडघ्यांसाठी बस सोडली, आणि ओगाताने माझ्यासाठी. कुवाबारा तर शेवटच्या थांब्यावर निरोपाला झेंडा घेऊन उभे होते. चौदाही जणांनी वाकून नमस्कार केला आणि चार जागा रिकाम्याच खाली गेल्या.

साहेबांनी अहवालात लिहिलं, "गावकरी अतिशय अगत्यशील. बसची गरज कुणालाच नाही."

"जाऊन खरं काय ते सांगा की त्यांना," मी कुवाबारांना म्हटलं.

"आता सांगायचं म्हणजे साहेबांना खोटं पाडायचं. बरं दिसत नाही, बाई."

असा संताप आला! पण मान मीही डोलावली.

एप्रिलपासून बस बंद झाली, आता ताकेयोचा जावई मला फक्त रविवारचा गाडीतून नेतो. परवा गेले तर ह्यांच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मला रडूच कोसळलं.

"इतके दिवस आली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"बसमध्ये जागा मिळाली नाही."



"पाहुण्यांना दिली असशील," ते म्हणाले. "बरं केलंस."