सरस्वतीचा पहिला धडा

मल्हारगंजातल्या धर्मशाळेच्या अंगणात त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मिल बंद पडून दीड वर्ष झालं होतं, आणि बेकार झालेले सगळे विणकर बायकापोरांसह इथे लोटले होते. स्टेजवर अक्षरानंद महाराज. शेजारी टाइपरायटरपुढे त्यांचा चेला देवेंद्र, डोळ्यांवर सात पदरी भगवी पट्टी.

"कल तक ये लड़का ठेल्यावर आलू विकत होता!" महाराज गरजले. "मशीनला हात लावला नाही कधी. बोला भिया, देवीने काय लिहावं?"

कोणीतरी एक ओळ सांगितली. खटखटखट! कागद बाहेर आला, एक चूक असेल तर शपथ. बायांनी हात जोडले.

"देखा? देवी कोऱ्या पाटीवरच लिहिते. पुस्तकं चाळणाऱ्यावर ती रुसते. आपापली पुस्तकं, मशीनं इथे वाहून टाका. एकवीस दिवसांत विद्या चालत घरी येईल!"

वा रे देवी! वाहिलेली मशीनं पुढे कुठे जातात, हे विचारायची मात्र कोणाची छाती नव्हती.

शेवटच्या रांगेत गोपीनाथ उभा होता, पायाशी सायकलला बांधून आणलेला जुना टाइपरायटर. बावीस वर्षं विणकरी केली. आधी बायको गेली, भानुमती. मग मिल गेली. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून पोट भरता येईल म्हणून त्याने टाइपिंगचं एक पुस्तक आणलं आणि सहा महिने खोलीत एकटाच बोटं आपटत बसला. शिकवायला कोणी नाही, चूक दाखवायला कोणी नाही, जमलं तर 'वा' म्हणायलाही कोणी नाही. पन्नाशीत कुठे काही येतं का, असं त्याचं त्यालाच वाटायला लागलं. म्हणून आज तो मशीन वाहायला आला होता. भोळा नव्हता हो, एकटेपणाने थकला होता बिचारा.

पुढची ओळ सांगितली गेली. गोपीनाथची नजर चेल्याच्या हातांवर होती. देवेंद्रची आठ बोटं आधी कळांच्या मधल्या रांगेवर आली, चाचपली, आपापल्या जागी बसली. मगच खटखट सुरू झाली.

गोपीनाथने ओळखलं. हा तर पुस्तकातला पहिला धडा!

"महाराज," तो कसाबसा ओरडला, "सरस्वतीला पहिला धडा कशाला लागतो?"

"बैठ जाओ! तुझी श्रद्धा कच्ची आहे."

"मग माझेही डोळे बांधा."

तो मशीन उचलून पुढे गेला. त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या सुलोचनाबाईंनी पट्टी करकचून बांधली. वर्षभरात दोघांचं चार शब्दही बोलणं झालं नव्हतं. आज बाई स्वतःच त्याच्या कानाशी वाकून एकेक शब्द सांगू लागल्या. गोपीनाथने बोटं मधल्या रांगेवर ठेवली. हे चुकलं, तर सहा महिने पाण्यात गेले. घाबरून त्याला ओळीचा अर्थही लागत नव्हता. शब्द येत होता, बोटं जात होती.

मिलमधला जुना सोबती अशोक कागदावर वाकला. "अरे, लिहिलं की! दोन चुका आहेत, पण लिहिलं!"

"चुका आहेत, कारण मी अजून शिकतोय," गोपीनाथने पट्टी काढली. "ही कृपा नाही, सराव आहे. हे मशीन बघून चालवायचंच नसतं. आणि आपण तर विणकर! तुटलेला धागा न बघता जोडायचो ना? ती गाठ कोणत्या बाबाने शिकवली होती? मग आपणच कसे फसलो?"

अशोकची बोटं नकळत हवेत गाठ मारू लागली. देवेंद्रने मान खाली घातली. "आठ महिने क्लासमध्ये शिकलो, भिया. नौकरी नाही मिळाली." महाराज तोवर मागच्या दाराने पसार झाले होते.

गोपीनाथची कोणी पाठ थोपटली नाही. फसलेल्या माणसांना लाज वाटते, आणि फसवणूक दाखवून देणारा नकोसा होतो. सगळे गुपचूप पांगले. तो एकटाच मशीन घेऊन घरी आला आणि सुलोचनाबाईंनी सांगितलेली ओळ, चुका मनात सुधारत, पहिल्यांदा नीट वाचली:

'रोज तुमची खटखट ऐकते. एखाद्या दिवशी थांबली, तर जिवाला घोर लागतो.'

बाबांनो, विद्या चालत घरी येत नाही. आपणच तिच्याकडे चालत जायचं, बहुतेक वेळा एकट्याने. कोणी डोळे बांधून चमत्कार दाखवला, तर आपले तेवढे उघडे ठेवा.

गोपीनाथने डोळे पुसले. चुकलेल्या दोन शब्दांना गोल केलं, नवा कागद चढवला आणि तेच दोन शब्द पुन्हा लिहायला घेतले. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात.