भाऊसाहेबांची जखम

"वरून मिटू द्यायची नाही हो. आतून भरत आली पाहिजे. वरून मिटली की आत पू कोंडलाच म्हणून समजा."

डोळ्याच्या ऑपरेशनला निघताना सासूबाईंनी दारात थांबून जावयाला हे बजावलं होतं. रोज सकाळी पाणी कोमट करताना त्याच्या कानात ते जसंच्या तसं वाजायचं. जखम सासूबाईंची नव्हती, त्यांच्या पांढऱ्या उंदराची होती. उंदराचं नाव भाऊसाहेब. सासूबाई अहोजाहो जावयालाही करत, पण मनापासून करत ते भाऊसाहेबांना.

पिंजऱ्याची एक तार सुटून भाऊसाहेबांच्या कुशीला लागली होती. ओरखडा एवढासाच. तो वरून बरा झाला आणि आत वाटाण्याएवढी गाठ धरली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती चिरून पू काढला आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्यानं आतून धुवायला सांगितलं. मलम नको, ते चाटतील. भुसा नको, जखमेत जाईल. पिंजऱ्यात जुनं सुती कापड घाला. गाठ पुन्हा भरली तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि या वयात ती सोसेल याची खात्री नाही, असंही ते म्हणाले होते.

आता पंचाईत अशी, की जावई उंदीर मारायच्या कंपनीत कामाला होता. आणि त्याची बायको उंदीर दिसला की खुर्चीवर चढायची.

"भीती वाटते म्हणून तर मी यांच्याशी लग्न केलं," ती आल्यागेल्याला सांगायची, "आणि आईनं घरात काय आणून ठेवलंय बघा!"

सासूबाईंची आणखी एक अट होती. जखम धुताना भाऊसाहेबांशी बोलत राहायचं. गप्प माणसाच्या हातात ते घाबरतात. जावई मूळचा अबोल. पहिल्या दिवशी त्यानं भाऊसाहेबांना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, बिनसुईची सिरिंज भरली आणि तोंड उघडलं. काही सुचेना. दिवसभर काय केलं ते सांगावं, तर दिवसभर काय केलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"आज जरा काम होतं," तो म्हणाला. भाऊसाहेबांनी मिशा हलवल्या. "बेकरीत," एवढं बोलून तो थांबला, आणि विषय बदलून वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाबद्दल सांगू लागला. नळावरून प्लंबर, प्लंबरवरून त्याची फटफटी. भाऊसाहेब निवांत पडून राहिले.

"माझ्याशी कधी एवढं बोलला असतात तर!" बायको दारातूनच म्हणाली.

"तू मध्ये बोलतेस."

दुपारी दोन कामांच्या मधे घरी येऊन तो जखम धुऊन जायचा. असं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस गोदामाचं काम लांबलं आणि दुपारी जखम धुवायची राहून गेली. संध्याकाळी येऊन बघतो तर जखमेवर छान खपली. बोट लावलं तर खाली गरम, टचटचीत. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन आला. दवाखान्याजवळ म्हणून त्या धाकट्या मुलीकडे राहिल्या होत्या.

"कशी आहे जखम?"

खोटं बोलता आलं असतं. "मिटली," तो म्हणाला.

"दुपारी धुतली नाहीत."

"गोदामातून सुटका झाली नाही."

"तुमच्या जागी मी असते तर मलाही जमलं नसतं, असं म्हणणार होते." सासूबाईंनी श्वास घेतला. "पण मला जमलं असतं. असू दे. गरम पाण्यात कापड पिळून धरून ठेवा. खपली मऊ होऊन आपसूक सुटेल, ओढायची नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. रडताहेत का हो ते?"

"नाही. माझ्याकडे बघताहेत."

"तेच ते. जावईबापू, संध्याकाळी अंथरुणावर पडले की ते माझ्या खांद्याशी येऊन बसतात. तेवढंच माणूस असल्यासारखं वाटतं. उद्या दुपारी?"

"उद्या दुपारी मी घरी येईन. बरी होईपर्यंत रोज येईन."

"शब्द?"

"शब्द."

खपली सुटली. थोडा पू आला, मग रक्तासारखं पाणी, मग नुसतं पाणी. भाऊसाहेब एकदा चावले. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

सकाळी तो ऑफिसात साहेबांपुढे उभा राहिला. "दुपारी जरा घरी जायचंय."

"का?"

"घरी आजारी आहेत."

"कोण?"

"सासूबाईंचा उंदीर."

साहेबांनी कप खाली ठेवला. "आपल्या दारावर काय रंगवलंय?"

"उलटा पडलेला उंदीर."

"मग?"

"तो काळा आहे साहेब. हे पांढरे आहेत."

साहेबांनी थोडा विचार केला. "लावता काय?"

"मिठाचं पाणी."

"आणि त्यानं बरं होतं?"

"वेळच्या वेळी धुतलं तर."

"हे बघा," साहेब म्हणाले, "दुपारी हॉटेलचं काम आहे, मालकानं तुम्हालाच मागितलंय. आणि या महिन्यात मला सुपरवायझर नेमायचाय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"गेलात तर ते काम दुसरा करेल, आणि पुढचंही त्याचंच."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे कळलं."

दुपार झाली. साहेब फोनवर हॉटेलच्या मालकाला सांगत होते, "माणूस निघालाच म्हणून समजा!" जावयानं कामाचा डगला काढून खिळ्याला अडकवला. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. दुसरा शर्ट घातला. सायकल आवाज न करता स्टँडवरून उतरवली आणि फाटकाबाहेर काढली.

हॉटेल डावीकडे होतं. तो उजवीकडे वळला.